उगवतीकडे तोंड करून

आमचे भूगोलाचे सर जेवायला बसण्यापूर्वी उत्तर दिशा पाहून घेत. त्यासाठी कोटाच्या खिशात तपकिरीची डबी असे आणि डबीत होकायंत्र. तपकीर ते ओढत नसत. दिशा नक्की झाली की बसायचं पोतं उचलून पूर्वेकडे तोंड येईल असं टाकत आणि वाढणाऱ्याला सांगत, की भाजी दक्षिणेला, चटणी उत्तरेला. आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवले तेव्हा आईने पळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने दक्षिण दाखवली. जेवण झाल्यावर सर तिला म्हणाले, भाजी उत्तम होती, फक्त थोडी नैर्ऋत्येला सरकली होती. आईला ते बोलणं कळलं नाही. माणूस पोटभर जेवला एवढं कळलं, आणि तिच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

मी बी.ए. झालो तो त्यांच्यामुळे. हे मी अनेकदा सांगितलं आहे आणि पुढेही सांगणार आहे. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. वडील अंगठा लावत. मॅट्रिक झाल्यावर मी देवळीच्या बाजारात कपाशीच्या गाड्यांवर नंबर टाकायचं काम धरलं होतं. सर तिथे आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि मला वर्ध्याच्या बसमध्ये बसवलं. कॉलेजचा अर्ज त्यांनीच भरला. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात त्यांनी आमच्या घराचे अक्षांश आणि रेखांश लिहिले. कारकुनाने ते खोडून ‘मुक्काम पोस्ट देवळी’ लिहिलं, तेव्हा सर त्याला म्हणाले की गाव वाहून जाऊ शकतं, रेखांश जात नाही. कारकून म्हणाला, फी भरा.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेही त्यांनी शब्द टाकला म्हणून. त्यामुळे ज्यांच्यासमोर मी सात वर्षं बाकावर बसलो, त्यांच्या शेजारी शिक्षकांच्या खोलीत बसायची वेळ आली. मी पुष्कळ दिवस उभाच राहत असे.

त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. सरांना या गोष्टीचा आनंद झाला की दुःख, हे कळलं नाही. त्यांना कामाचा भार झाला. शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला मोठा नकाशा होता. त्यात आमचा मुलूख हिरवा होता, तो आता पिवळा करायचा होता. सरांनी सुट्टीत शिडी लावून काम सुरू केलं. पिवळा रंग वर्धा आणि देवळी झाल्यावर संपला. हेडमास्तरांनी नवा डबा पुढच्या वर्षी मिळेल म्हणून सांगितलं. त्यामुळे आमच्या शाळेपुरतं हिंगणघाट आणखी एक वर्ष मध्य प्रदेशात राहिलं. मुलांनी परीक्षेत तसंच लिहिलं आणि सरांनी त्यांना मार्क दिले. नकाशात आहे ते बरोबर, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा माणसाने संगीत नाटक बसवलं, हे सांगितल्यावर लोकांना खोटं वाटतं.

त्यांच्याकडे पुण्याच्या एका मासिकाचे जुने अंक होते. त्यातल्या तीन कथा त्यांनी दोऱ्याने एकत्र शिवून ठेवल्या होत्या. तिन्ही एकाच लेखिकेच्या आणि तिन्हींत उतरत्या वयाची माणसं प्रेमात पडतात. पहिल्या कथेत पेन्शनर आणि शेजारची विधवा एकमेकांच्या गच्चीकडे अठरा वर्षं बघतात. दुसऱ्या कथेत तशीच दोघं एका देवळात रोज भेटतात आणि प्रसादाखेरीज कशाबद्दल बोलत नाहीत. तिसऱ्या कथेत बोलतात, पण मग तो मरतो. तिन्ही कथांत मिळून चार माणसं मरतात आणि लग्न कोणाचंच होत नाही. सरांचं म्हणणं असं, की तीन कथा म्हणजे तीन अंक. माणसं तीच ठेवायची, गाव एकच करायचं, मधे चौदा पदं घालायची.

मी विचारलं, हाच विषय का. ते म्हणाले की तरुण माणसं काय करतात हे सगळ्या नाटकांत आलेलं आहे. पन्नाशीच्या पुढचा प्रदेश कोरा आहे, तिथे कोणी मोजणी केलेली नाही.

लेखिकेला त्यांनी परवानगीसाठी पत्र लिहिलं. त्यात पहिल्या कथेतली गच्ची कोणत्या दिशेला तोंड करून आहे, असंही विचारलं होतं. बाईंचं कार्ड आलं. परवानगी आनंदाने आहे, गच्चीचं आपण काही ठरवलेलं नाही. सरांनी ते कार्ड दोनदा वाचलं. म्हणाले, “न पाहता लिहिलंय.” आणि गच्ची पूर्वाभिमुख करून टाकली.

नट गावातलेच होते. म्हातारीचं काम किसनाजींकडे. ते बाजारात मशीन घेऊन शिवणकाम करत आणि चाळीस वर्षं दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं काम करत आले होते. मिशी काढायला त्यांनी नकार दिला. पदर थोडा पुढे ओढला की मिशी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि बऱ्याच अंशी ते खरं होतं. म्हाताऱ्याचं काम दौलतरावांकडे. ते आमच्या घरापासून चौथ्या घरात राहत. दहा एकर शेती, गळा भजनाचा, बोलणं कमी. बायको वारून सहा वर्षं झाली होती, दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. लहानपणापासून मी त्यांना दौलतकाका म्हणत आलो.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात पाट लागतो. नवरा मेलेल्या बाईला पुन्हा घर करायचं असेल तर चार पंच बसतात, तिला नवं लुगडं नेसवतात, हातात बांगड्या भरतात आणि ती त्या घरी नांदायला जाते. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. माझी एक आत्या पाटाची होती आणि तिला कोणी कमी लेखल्याचं मला आठवत नाही. नाटकाच्या आधी दोन महिने माझा मामा गावाहून आला. दौलतरावांनी त्याच्यामार्फत आईसाठी विचारलं होतं. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आई मामाला एवढंच म्हणाली, की पोराला विचार. त्याने होय म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.

मामाने मला विचारलं. मी म्हटलं, “आता मी हायस्कूलात शिकवतो.”

मामा म्हणाला, “हाव, थे तं मले मालूम आहे.”

“मी बी.ए. झालो आहे.”

“थे बी मालूम आहे. पन मी तुह्या मायचं इचारून राह्यलो.”

मामा चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून आई पाणी आणायला दौलतरावांच्या घरावरून जायची बंद झाली आणि लांबच्या विहिरीवर जाऊ लागली. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तालमी शाळेच्या ओट्यावर होत. सरांनी हालचालींसाठी नकाशे काढले होते; प्रत्येक प्रवेशाचा एक, प्रमाण एक इंचाला सहा फूट. डावा-उजवा हा शब्द त्यांना चालत नसे, कारण डावं कोणाचं हा प्रश्न राहतो. ते सांगत, “किसनाजी, उगवतीकडे तोंड करून गा. पद संपलं की आग्नेयेला दोन पावलं.” आणि हे नटांना ताबडतोब समजत असे. शहरातला नट गोंधळला असता. इथे सगळे शेतात दिशेवर चालणारे. आग्नेय आली की किसनाजी न बघता आग्नेयेला जात. प्रेक्षक अंगणात, म्हणजे उगवतीला बसणार होते. म्हणून सगळी पदं आणि सगळी महत्त्वाची भाषणं, जुन्या पद्धतीप्रमाणे, ओळीत उभं राहून उगवतीकडे तोंड करून म्हणायची होती.

पदं सरांनी स्वतः रचली. त्यांना गाता येत नव्हतं, पण मात्रा मोजता येत होत्या. पहिल्या अंकातलं दोघांचं पद असं होतं:

तू नर्मदा मी तापी, वाहू शेजारी शेजारी,
एकच सागर अंती, भेट न कुठल्या तीरी.

भूगोल म्हणून त्यात चूक नव्हती. दौलतरावांनी भजनाच्या चालीत ते म्हणून दाखवलं आणि खाली बसताना हळूच म्हणाले, “मास्तर, आपल्या इकडल्या नद्या भेटतात. आपली वर्धा पुढं वैनगंगेले भेटते.” हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे सरांना ते टाळता येईना. ते पद त्यांनी तीन दिवस बंद ठेवलं. मग नदी त्यांची ठेवली आणि दौलतरावांना सांगितलं, की हे जोडपं पश्चिमेकडचं आहे असं समजा.

पण मुख्य घोटाळा दुसऱ्या अंकात झाला. त्यात किसनाजींना एक लांब पद होतं. विधवा रडते, जग आड येतं वगैरे. किसनाजींनी दोन कडवी म्हटली आणि थांबले.

“मास्तर, येक इचारू का? ह्या बाईचा नवरा मेला नं?”

सर म्हणाले, हो.

“अन् ह्या गड्याची बायको मेली. पोट्टे मोठे झाले. दोघाईच्या मनात बी आहे. मंग थे काऊन रडून राह्यले?”

सरांनी समाज, रूढी, लोकापवाद असे शब्द वापरले. किसनाजींनी ते नीट ऐकून घेतले.

“मंग पाट लावून घ्या म्हना. पंचाईले जेवन देल्लं का झालं. तिसऱ्या अंकापावतर जायाचं कामच नाई.”

बाकीच्या मंडळींनाही तसंच वाटत होतं. इतके दिवस मास्तरांना कसं विचारावं म्हणून ते थांबले होते. सरांना माहीत होतं, की ही माणसं अडचणीवर विश्वास बसल्याशिवाय गाणार नाहीत. गायली तरी खोटी गातील. आणि कथेतला शब्द बदलणार नाही असं त्यांनी बाईंना लिहून दिलं होतं. पुण्याच्या कथेत अडचण काय ते लिहिलेलंच नव्हतं. तिथल्या वाचकाला ती सांगावी लागत नसावी. आठवडाभर तालीम बंद राहिली. सर शिक्षकांच्या खोलीत वही पुढ्यात घेऊन बसत. वर ‘अडचण’ असं लिहिलेलं आणि खाली पान कोरं.

शेवटी त्यांनी मला विचारलं. “तू पदवीधर आहेस. आपल्या गावात, अशा दोन माणसांना काय आड येईल?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. सरांनी मला काही विचारलं याचा अभिमान वाटत होता, आणि उत्तर चांगलं द्यायचं होतं. मी म्हटलं, “सर, समजा त्या बाईचा मुलगा शिकला. चांगल्या जागी लागला. त्याला हे बरं दिसणार नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, “त्याला काय म्हणायचं असेल? लिहून आण.”

ते भाषण मी एका बैठकीत लिहिलं. खाडाखोड झाली नाही. ‘आई, हे या घराला शोभणार नाही. ज्या घरातून विद्येची पहिली पणती लागली, त्या घराने पुन्हा अंधारात शिरावं काय?’ असं दीड पान होतं. मी ते तालमीत वाचून दाखवलं. किसनाजी सुईत दोरा ओवत राहिले. दौलतराव उठून बाहेर पाणी प्यायला गेले. मला वाटलं, भाषेचा परिणाम झाला. आज सांगताना मला स्वतःलाच खरं वाटत नाही, पण त्या वेळी ते भाषण माझ्या घराविषयी आहे असं माझ्या मनात आलं नाही. मला ते फक्त चांगलं मराठी वाटलं.

सर म्हणाले, “अडचण बरोबर आहे. आता हे काम तूच करायचं.”

दुसरा पदवीधर गावात नव्हता.

त्या दिवसानंतर सगळे मन लावून गाऊ लागले. किसनाजींनी तर तालमीत डोळ्यांतून खरं पाणी काढलं आणि संपल्यावर मला म्हणाले, “लय बेकार पोट्टं आहे बा हे.” मी म्हटलं, नाटकात तसंच आहे. ते म्हणाले, “हाव, नाटकातच.”

गावातला प्रयोग व्हायच्या आधीच, होळीनंतर, वर्ध्याला एका संस्थेने नाटकांची स्पर्धा ठेवली. आम्हाला संध्याकाळी पाचची वेळ मिळाली. आम्ही बसने गेलो. आईलाही किसनाजींनी बरोबर घेतलं. ते स्वतः रंगमंचावर असणार, तेव्हा कपड्यांची उसवण कोण पाहणार, म्हणून. हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर सरांनी डबी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथला रंगमंच पश्चिमाभिमुख होता. प्रेक्षक मावळतीला.

सरांनी व्यवस्थापकांना विचारलं, की प्रेक्षकांना दुसऱ्या बाजूला बसवता येईल का. व्यवस्थापकांनी दुसऱ्या बाजूला भिंत असल्याचं दाखवलं. मग सरांनी नटांना गोळा करून सांगितलं, की आजच्या दिवस उगवती म्हणजे मावळती समजा.

“असं कसं समजता येईन मास्तर?” किसनाजी म्हणाले. पण मास्तरांचा मान म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या.

पहिला अंक कसाबसा पार पडला. दुसऱ्या अंकात, प्रेक्षकांच्या पाठीमागच्या मोठ्या दारातून ऊन आत आलं आणि थेट नटांच्या तोंडावर पडलं. समोर सूर्य मावळतो आहे हे सगळ्यांना दिसत होतं. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला मावळता सूर्य समोर ठेवून तुझं तोंड उगवतीला आहे, असं किती वेळ पटवणार? रडण्याचं पद आलं, आणि किसनाजी सवयीने वळले आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून गाऊ लागले. दौलतराव त्यांच्यामागोमाग वळले. सर पडद्याच्या बाजूला वही घेऊन नटांना वाक्यं आठवून द्यायला बसले होते. ते कळवळून म्हणत होते, “पश्चिम, पश्चिम.” पण ज्या माणसाने तीन महिने पूर्व शिकवली, त्याचं पश्चिम कोण ऐकणार? विधवा लोकलाजेने पाठ फिरवून गाते आहे, असं प्रेक्षकांना वाटलं. काही बायकांनी डोळे पुसले.

तिसऱ्या अंकात माझा प्रवेश होता. मी शिकलेला असल्यामुळे मला उगवतीची मावळती करणं जमत होतं. पण मी आत गेलो तेव्हा किसनाजी आणि दौलतराव ओळीत, प्रेक्षकांना पाठ करून उभे होते आणि मधे माझी जागा होती. तिघांच्या ओळीत मी एकटाच उलटा उभा राहिलो असतो, तर चूक माझी दिसली असती. म्हणून मीही वळलो.

मागच्या भिंतीला दार होतं. उकाड्यामुळे कोणीतरी त्यावरचा पडदा बाजूला खोचून ठेवला होता. दारात कपड्यांच्या गाठोड्यावर आई बसली होती. ती दौलतरावांच्या शेवटच्या प्रवेशाच्या बंडीला बटण लावत होती.

मी भाषण सुरू केलं. “आई,” मी म्हटलं.

तिने मान वर केली. “काय रे?”

भाषण मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं. सरांनी बाजूने हळू आवाजात सांगितलं, “हे या घराला शोभणार नाही.” थोडं थांबून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती.

आई माझ्याकडे बघत होती. सुई बटणात तशीच अडकलेली होती. कॉलेजात गेल्यापासून मी तिला आई म्हणू लागलो होतो. त्याआधी माय म्हणत असे.

मी म्हटलं, “माय, तुह्या मनात असन तं कर. माही काही अडचण नाई.”

माझ्या एका बाजूला दौलतराव पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. दुसऱ्या बाजूला किसनाजी. चाळीस वर्षं त्यांनी रंगमंचावर कधी जागा रिकामी पडू दिली नव्हती. पदराआडून ते म्हणाले, “जरा मोठ्यानं बोल बाप्पा. लोकाईले आयकू नाई आलं.”

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. आईने मान खाली घातली आणि बटण लावू लागली.

आता घोटाळा असा होता, की पुढच्या पानावर दौलतरावांना मरायचं होतं. त्यांनी सरांकडे तोंड वळवलं आणि दबल्या आवाजात विचारलं, “मास्तर, मी आता मरू का?”

सरांनी वही उघडली, पान पाहिलं, पुन्हा मिटली. “नको,” ते म्हणाले, आणि स्वतः उठून पडदा ओढला. चार पदं शिल्लक राहिली.

परीक्षकांनी आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पाठमोऱ्या अभिनयाचा असा धाडसी प्रयोग आपण मोठ्या शहरांतही पाहिला नाही, आणि शेवटच्या क्षणी दारात दिसणारी मूक स्त्री हे प्रतीक फार बोलकं होतं, असं ते म्हणाले. सर बक्षीस घ्यायला गेले तेव्हा त्यांनी खरा प्रकार सांगायचा प्रयत्न केला. तो विनय समजला गेला.

परतीच्या बसमध्ये किसनाजींनी लुगडं बदललं नव्हतं. वेळच मिळाला नाही. तशाच वेषात ते आईच्या शेजारच्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की भरल्या सभेत, दोनदा बोललेला शब्द आहे, तो काही नाटकातला म्हणून सोडून देता येत नाही. “मी सोता आयकला,” ते म्हणाले. “बाजूलेच होतो.” आई खिडकीतून बाहेर बघत होती. दौलतराव ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मी नाही म्हटलं नाही. त्या आठवड्यात मामाला निरोप गेला.

सरांनी लेखिकेला पत्र लिहिलं. आपल्या तिसऱ्या कथेतला मनुष्य वर्ध्याच्या प्रयोगात मेला नाही, याबद्दल क्षमा मागितली. कारण म्हणून रंगमंचाची दिशा कळवली आणि सोबत नकाशा जोडला. बाईंचं उत्तर आलं, की तो मनुष्य त्यांनाही मारायचा नव्हता. संपादकांना शेवट करुण हवा होता. सरांनी ते कार्ड त्या तीन कथांबरोबर दोऱ्याने शिवून टाकलं.

ते नाटक पुन्हा झालं नाही. अडचण उरली नाही, असं मंडळींचं म्हणणं पडलं.

बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, मी त्यांना विचारलं, की ते काम त्यांनी मला मुद्दाम दिलं होतं का. ते म्हणाले, “रस्त्यात डोंगर असला तर नकाशावर दाखवावा लागतो. मी दाखवला. डोंगर काही मी केला नव्हता.” मग थोड्या वेळाने म्हणाले, की त्या हॉलची दिशा आधी जाऊन पाहायला हवी होती, ती चूक मात्र त्यांची. ते एकटेच राहत होते, एकटेच राहिले. लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. एवढ्या मोठ्या उपकारांखाली असलेल्या माणसाने विचारू नये अशा काही गोष्टी असतात, असं मला तेव्हा वाटे.

पाट लागताना मुलांनी पाहायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. त्या संध्याकाळी सर मला स्वतःच्या खोलीवर घेऊन गेले. त्यांनी माझ्यापुढे सातवीच्या उत्तरपत्रिका ठेवल्या. प्रश्न होता, दख्खनच्या पठारावरील नद्या. मी एकेक तपासत गेलो. सर समोर बसून होते. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा दौलतरावांच्या घराकडून बायकांचे आवाज आले आणि थोड्या वेळाने थांबले. सर उठले, कोट घातला, जाऊन आले. म्हणाले, “तुझ्या आईने उद्या सकाळी जेवायला बोलावलं आहे.” मी त्या रात्री तिथेच झोपलो.

सकाळी सर मला पोहोचवायला निघाले. आमच्या घरापासून पुढे चार घरांची वाट होती. मी बावीस वर्षं त्या वाटेने जात-येत होतो. कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, की त्यांना शाळेत लवकर जायचं आहे. त्या दिवशी रविवार होता. ते वळून चालू लागले, आणि मी पुढे गेलो.

दौलतकाका अंगणात उभे होते. काय म्हणून हाक मारावी हे मला कळेना, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. म्हणाले, “काही बी म्हन. आंधी जेव.” आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. आई चुलीपुढे होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या, भाकर थापताना त्यांचा आवाज होत होता. वडील गेल्यापासून तिच्या चुलीवरची पहिली भाकर माझ्या ताटात पडत आली होती. तिने पहिली भाकर उतरवली, क्षणभर हातात धरली आणि त्यांच्या ताटात वाढली. दुसरी माझ्या. ती जास्त फुगली होती.